छप्पन किलो

१

दोन बोटींतून एक निवडायला चार दिवस पुष्कळ झाले, असं मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घाईबाई, लोक चप्पल घ्यायलासुद्धा याहून जास्त वेळ लावतात."

"लोकांना चप्पल कशासाठी हवी तेच माहीत नसतं," मी म्हणाले. "आपल्याला माहीत आहे."

आणि खरंच माहीत होतं. महिनाअखेरीला आत्या तिची भाड्याची दोन खोल्यांची जागा सोडणार होती. मी नोकरी सोडली होतीच. त्यानंतर आम्हा दोघींचं घर म्हणजे एक जुनी शिडाची बोट. तिच्यात राहायचं, तिच्यातून लांब जायचं आणि जमेल तिथे शर्यतीत उतरायचं. कपाटं, पडदे, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या बशा यांच्यापायी माणसं जन्मभर एका जागी बसून राहतात, हे मला कॉलेजात असल्यापासून पटत नव्हतं. पण नुसतं न पटण्याला काही लागत नाही. आम्ही ते करून दाखवणार होतो.

बाबा चिडले होते. "तुला बुडायचं तर बूड. माझ्या बहिणीला कशाला ओढतेस?"

"बोट मी निवडणार आहे," मी म्हणाले. "आत्याला काही झालं तर मला जाब विचारा."

"विचारणारच," बाबा म्हणाले.

आत्याने वीस वर्षं मुलांना शिडं हाताळायला शिकवलं. मलाही तिनेच शिकवलं, सात वर्षांची असताना. पहिला धडा असा होता: बोटीत पाय ठेवला की बोट जराशी खाली जाते आणि परत वर येते. ती विचारत असते, कोण? आपण सांगायचं, मी. तेव्हा मी ते मोठ्याने म्हणायचे. अजूनही म्हणते, फक्त ओठांतल्या ओठांत.

आता आत्याचे गुडघे गेले होते आणि झोपही गेली होती. गोळी घेतल्याशिवाय डोळा लागायचा नाही. म्हणून माझ्या वहीत तीन रकाने होते: प्रवास, शर्यत आणि मुक्काम. प्रत्येकाला दहापैकी गुण. तिसऱ्या रकान्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

२

दोन्ही बोटी एकाच यार्डात होत्या. दोघींच्या अंगावर जुन्या मालकांनी दिलेली नावं रंगवलेली होती, पण ती आम्ही पुसणारच होतो. तोवर आत्याने एकीला सुरी म्हटलं आणि दुसरीला पेटी.

सुरी धक्क्याला बांधलेली होती. लांब, अरुंद, पांढरी. आत्याने कठडा धरून पाय ठेवला तशी ती चटकन वाकली आणि तितक्याच चटकन सावरली.

"हिला धीर नाही," आत्या म्हणाली. "तुझ्याच वंशाची दिसते."

शर्यतीत मी तिला नऊ दिले. डोलकाठी उंच, शिडं दोनच वर्षांची, सुकाणू एका बोटाने वळेल असं. तासभर बाहेर फिरवली तेव्हा वारा कुठून येतोय ते आम्हाला कळायच्या आत तिला कळलेलं असायचं. प्रवासात सहा. तळाचा कणा फार खोल, म्हणजे उथळ खाडीत शिरायची सोय नाही, आणि पाण्याची टाकी जेमतेम चार दिवसांची. मुक्कामाला मी चार लिहिले, ते आत्याने खोडून दोन केले. केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नव्हतं. लाट आपटली की आतून पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज यायचा. चूल म्हणजे एक बर्नर, तोही गुडघ्यांवर बसून पेटवायचा.

"इथे रोज दोनदा चहा करायचा तर माझे गुडघे म्हणतील, बाई, तू हो पुढे, आम्ही धक्क्यावरच राहतो," आत्या म्हणाली आणि उतरताना पुन्हा एकदा डोकं आपटून घेतलं.

३

पेटी कोरड्या जमिनीवर टेकूंवर उभी होती. गिऱ्हाईक आलं की क्रेनने तिला पाण्यात सोडायचे, गेलं की परत वर काढायचे. दलालाने किल्ली हातात दिली, "घ्या हवा तेवढा वेळ," म्हणाला आणि ऑफिसात निघून गेला. मला अशी माणसं आवडतात.

ती रुंद होती, जुनी होती आणि जड होती. आम्ही पाय ठेवले तेव्हा ती सावकाश खाली गेली, एखाद्या वजनदार गृहस्थाने मान डोलवावी तशी. केबिनमध्ये मी हात वर केले तेव्हा कुठे बोटं छताला लागली. दोन बर्नरची चूल अशी टांगलेली होती की बोट कितीही कलली तरी वरचं भांडं सरळ राहावं. मधे टेबल, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक पलंग आणि झोपलेला माणूस लाटेने खाली पडू नये म्हणून पलंगांना वीतभर उंच फळ्या. प्रवास नऊ. शर्यत तीन, तेही माझ्या चांगुलपणामुळे. मुक्काम नऊ.

"जरा पाठ टेकते," आत्या म्हणाली आणि डावीकडच्या पलंगावर आडवी झाली. दोन मिनिटांत ती घोरत होती.

मी तिला उठवलं नाही. चाळीस मिनिटं मोजमाप करत राहिले. कप्पे मोजले, तळाला हात घालून ओल बघितली, टाकी वाजवून बघितली. रिकामी होती. भिंतीवर एक वाकवलेली काचेची नळी होती, आत तेल आणि तेलात एक बुडबुडा. बोट किती कलली ते त्यावरून कळतं. एक अंश डावीकडे. साहजिक होतं. आत्या डावीकडे झोपली होती.

मग ती उठली. तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "गोळीशिवाय झोपले ग." असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात पाहिला नव्हता. ती शिडी चढून वर गेली, धक्क्यावर उतरली, तिथून मला हाका मारायला लागली.

मी केबिनच्या बरोबर मधे उभी होते. बुडबुडा अजून एक अंश डावीकडेच दाखवत होता.

अडकला असेल म्हणून मी काचेवर टिचकी मारली. मग उजवीकडे सरकले, तेव्हा तो सरकला. परत मधे आले, तो परत एक अंशावर. म्हणजे अडकलेला नव्हता. डावीकडचे सगळे कप्पे उघडून बघितले. रिकामे. पलंगाच्या गादीवर आत्याच्या अंगाचा खड्डा तसाच होता, पण जुना फोम फुगायला वेळ घेतोच.

वहीत लिहिलं: डावीकडे किंचित कल, कारण शोधणे. एक गोष्ट लिहिली नाही. आत्या बोटीवरून उतरली तेव्हा बोट उचलली गेली नव्हती.

४

क्रेनवर वजनाचा काटा असतो. जुनी फायबरची बोट वर्षानुवर्षं पाणी पिते आणि आतून जड होत जाते, म्हणून घेणाऱ्याने वजन बघावंच बघावं. बहुतेक लोक बघत नाहीत. मी क्रेनवाल्या काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

सकाळी पाण्यात सोडताना पेटी सहा हजार दोनशे चौऱ्याण्णव किलो होती. वर काढली तेव्हा सहा हजार तीनशे पन्नास.

"तीन तासांत छप्पन किलो?" मी म्हणाले. "काका, तुमचा काटा बघून घ्या."

"काटा नवा आहे, ताई. किलोलासुद्धा चुकत नाही." त्यांनी पट्टे सैल केले. "हिचंच असं आहे. कुणी बघून गेलं की थोडी अंगाने भरते. माहेरी येऊन गेलेल्या पोरीसारखी."

"कुणी बघून गेलं की?"

त्यांच्या टपरीत खिळ्याला जुन्या पावत्या टोचलेल्या होत्या. पेटीच्या मी काढून घेतल्या आणि तारखांप्रमाणे लावल्या. दर वेळी पाण्यात जाताना जेवढी, त्याहून वर येताना जास्त, आणि पुढच्या वेळेपर्यंत तेवढीच. जमिनीवर महिना महिना उन्हात उभी राहूनसुद्धा एक किलो कमी नाही. मी फरक काढले. ब्याऐंशी. एकोणीस. एकाहत्तर. आजचे छप्पन.

पाणी पीत असेल तर दर वेळी पिईल, हे खरं. पण पाणी असं हिशेबाने पीत नाही, आणि उन्हात ते थोडं तरी सुकतं. मी एकोणीसखाली रेघ मारली.

"या तारखेला कोण आलं होतं, आठवतंय?"

"हो. नवरा-बायको होते, बरोबर त्यांची लहान मुलगी. उन्हाची दमून आत झोपली होती. परत जाताना काय नाचत गेली धक्क्यावरून." काका हसले. "जमिनीला पाय लागत नव्हते पोरीचे."

५

आत्याच्या इमारतीचा जिना लाकडी आहे. तिसरी पायरी वाजते. लहानपणी मी कॉटवर पडून त्या आवाजावरून ओळखायचे की आत्या आली.

शुक्रवारी मी तिच्याकडे खोकी भरत होते. पाठीमागून आवाज आला, "ते राहू दे, ते भंगारात," आणि मी दचकून वळले. आत्या दारात उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या.

"कधी आलीस?"

"आत्ताच. जिना एका दमात चढले." तिने पाय वर उचलून दाखवला. "अजिबात दुखत नाही. झोपेचा गुण बघ. रात्रीसुद्धा गोळी घेतली नाही."

मला आनंद झाला. खरंच झाला. वर्षभर डॉक्टरांना जे जमलं नाही ते एका पलंगाने चाळीस मिनिटांत केलं असेल तर ही माझ्याच बाजूची गोष्ट होती. मी त्या पलंगाचे नऊचे दहा करणार होते.

तिने पिशव्या खाली ठेवल्या. त्या टेकल्याचा आवाज झाला. मग ती खिडकीपर्यंत चालत गेली. घराची जमीनही लाकडीच, आणि सगळ्या फळ्या सुटलेल्या. मी कान देऊन ऐकलं. रस्त्यावरची रहदारी ऐकू आली, शेजारचा नळ ऐकू आला.

"काय ग? अशी काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हणाले आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन उभी राहिले. वाजली. उतरले, चढले. पुन्हा वाजली. पायरी ठीक होती.

६

रविवारी क्लबची दोघा-दोघांची शर्यत होती. सुरीच्या मालकाने बोट दिली होती, चालवून बघा म्हणून. शर्यतीआधी खलाशांचं वजन करतात, कारण कठड्यावर बसून वाऱ्याच्या बाजूला जेवढं वजन देता येईल तेवढी बोट सरळ राहते आणि पळते. भारी माणसं घेऊन कुणी फायदा उठवू नये म्हणून मर्यादा असते.

माझं भरलं त्रेसष्ट. मग आत्या चढली. नोंदणीवाल्या बाईंनी काट्याकडे बघितलं, काट्याला एक चापट मारली, परत बघितलं.

"सेल संपला वाटतं," त्या म्हणाल्या. "तुमचं मागच्या मोसमाचं आहे माझ्याकडे. छप्पन. तेच लिहू?"

"लिहा की," आत्या म्हणाली. "बाईने सांगितलेलं वजन कुणी खोडून काढतं का?"

दोघी हसल्या. माझ्यामागचा मुलगा त्याच काट्यावर चढला, तो एकोणऐंशी भरला.

धक्क्यावर मी आधी सुरीत उतरले. ती वाकली. मी, म्हणाले. मग आत्या आली. मी डोळे पाण्याच्या रेषेवर ठेवले होते. रेषा हलली नाही. सुरीसारखी बोट, जिच्यावर पक्षी बसला तरी कळावं, तिने आत्याला विचारलंच नाही.

सुरुवात आमची झकास झाली. पहिल्या वळणाला आम्ही दुसऱ्या होतो. मग वारा वाढला आणि बोट कलायला लागली.

"आत्या, बाहेर झुक!"

"झुकलेच आहे की!"

ती पूर्ण झुकली होती, पाय पट्ट्यात, पाठ पाण्यावर, वीस वर्षं मुलांना शिकवलं अगदी तशी. बोट तरी कलतच गेली. जणू मी एकटीच होते. एकामागून एक बोटी आम्हाला ओलांडून गेल्या. तेवढ्यात वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, आत्याचे पाय पट्ट्यातून सुटले आणि तिने दोन्ही हातांनी कठड्याचा दोर धरला.

त्यानंतर मी जे पाहिलं ते दोन सेकंदही नसेल. मी सुकाणूशी झगडत होते आणि डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं. पण कुणीही वाऱ्यात पालथं पडतं, घसरतं, लोंबकळतं. आत्या मात्र दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी हवेत आडवी झाली होती, पाय मागे, वाऱ्याच्या दिशेला.

मी सुकाणू सोडून तिचा घोटा धरला आणि तिला खाली आणलं. काही जोर लावावा लागला नाही. तिच्या कमरेच्या पट्ट्याची कडी डोलकाठीला अडकवली.

"शर्यत गेली," आत्या म्हणाली. ती हसत होती. "पण काय ग मजा आली."

७

रविवारी दुपारी बाबांचा फोन आला. "ती कशी आहे?"

"मजेत. गुडघे दुखत नाहीत. झोप लागते."

"आणि बोट?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. यातलं काहीच खोटं नव्हतं.

वही उघडली. सुरी सतरा, पेटी एकवीस. मी जे घडलं ते बाजूला ठेवून विचार केला आणि मग ते बाजूला न ठेवता केला. सुरी घेतली तर आत्याला जन्मभर कडीला अडकवून ठेवावं लागेल, आणि पेटी इथे यार्डात राहील. दलालाने सांगितलं होतं की मंगळवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. आई-वडील आणि दोन मुलं, कायमचं बोटीवर राहायला. माझ्यासारखेच, कपाटं आणि बशा विकून निघालेले. ती मुलं उन्हाची दमतील. कुणीतरी म्हणेल, जरा पाठ टेक.

घाबरून निर्णय घेणारी माणसं मला आवडत नाहीत. मी सोमवारी सकाळी दलालाला गाठलं आणि पेटी घेतली. छप्पन किलो मी त्या यार्डात अनोळखी माणसांसाठी ठेवून जाणार नव्हते. जे तिथे सुटलं होतं ते परत कसं आणायचं ते मला माहीत नव्हतं, पण ते कुठे होतं ते मला माहीत होतं. बाकीचं शोधून काढता येतं. बोट आपली असली, हातात वेळ असला की सगळं शोधून काढता येतं.

आत्याला मी एकच अट घातली. "मी सांगेपर्यंत त्या पलंगावर झोपायचं नाही."

"का?"

"गादी खराब आहे."

"गादी?" आत्या म्हणाली. "अग, मी इतकी छान कुठेच झोपले नाही."

८

क्रेनने पेटी पाण्यात सोडली. सहा हजार तीनशे पन्नास. काकांनी पावती फाडून माझ्या हातात दिली. "आता तुमची."

सोमवारी भर दुपारी वारा चांगलाच होता. आत्याला मी धक्क्यावर थांबवलं आणि तिच्या पट्ट्याची कडी तिथल्या लोखंडी गोल कडीत अडकवली.

"खुंट्याला बांधतेस? म्हैस आहे का मी?"

"पाच मिनिटं. आत एक गोष्ट बघून येते."

"पाच म्हणजे तुझी की माझी?"

मी बोटीत पाय ठेवला. ती सावकाश खाली गेली, वर आली. मी, म्हणाले. शिडी उतरले.

केबिन तशीच होती. उघडलेल्या झरोक्यातून टेबलावर ऊन पडलं होतं. बुडबुडा एक अंश डावीकडे. पलंगावर आत्याचा खड्डा होता, चार दिवसांनंतरही: खांद्याचा, कमरेचा आणि दुमडलेल्या गुडघ्यांचा. मी त्याच्याशेजारी मूठ दाबली. हात काढताक्षणी फोम सपाट झाला. पुन्हा दाबली. पुन्हा सपाट.

समोरच्या पलंगावर, पायथ्याशी, परडीएवढा एक गोल खळगा होता. कुणी लहान मूल पाय हलवत बसावं तेवढा. बाकीचे दोन कुठे होते ते मी शोधलं नाही.

मी टेप काढली. खड्डा मोजायचा, तारीख घालायची, रोज मोजायचा. सुरुवात अशीच करतात. टेपचं टोक मी खांद्याच्या जागी धरलं.

"आत्या?" मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

"काय ग?" धक्क्यावरून आवाज आला.

माझ्या हाताखाली गादी वर आली. खांद्याचा खळगा भरला, मग कमरेचा, आणि तेच दोन खळगे वीतभर पलीकडे, भिंतीला लागून, हळूहळू पुन्हा उमटले. नळीतला बुडबुडा किंचित सरकला आणि थांबला.

पलंगाची अलीकडची अर्धी बाजू आता मोकळी होती.

सात वर्षांची असताना शाळेच्या सुट्टीत मी आत्याकडे राहायचे. दुपारी ती पडलेली असायची. मी जवळ जाऊन उभी राहिले की डोळे न उघडता ती अशीच भिंतीकडे सरकायची. नुसती जागा करून द्यायची.

"झालं का ग?" आत्याने बाहेरून हाक मारली. वाऱ्याने तिच्या पट्ट्याची कडी धक्क्याच्या लोखंडावर वाजत होती, टिण, टिण, टिण. "वारा वाढलाय. मला सोड तरी."

"आलेच," मी म्हणाले.

मला झोप आलेली नव्हती. तरी मी वाकले आणि बुटांचे बंद सोडायला लागले.